चिठ्ठी, नोंदवही आणि शासननिर्णय

दरवर्षी जून-जुलैच्या सुमारास, म्हणजे परीक्षांचे निकाल लागून घरोघर पुढच्या आयुष्याच्या मसलती सुरू होतात त्या दिवसांत, माझ्याकडे चार-दोन तरुण येतात. कोणी समाजकार्याची पदवी घेतलेला असतो, कोणी नुकताच डॉक्टर झालेला असतो, एखादी मुलगी परिचारिकेचे शिक्षण संपवून किंवा वाणिज्य शाखेची परीक्षा देऊन आलेली असते. आणि चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता त्यांच्यापैकी प्रत्येक जण थोड्याफार फरकाने एकच विचारतो, की आरोग्याच्या क्षेत्रात संस्था काढून काम करावयाचे आहे, तर आरंभ कोठून करावा. पूर्वी या प्रश्नाला मी पुष्कळ लांबण लावून उत्तरे देत असे. आता प्रथम उलट विचारतो, की तुम्हाला सेवा करावयाची आहे की सुधारणा? मुले गोंधळतात, कारण त्यांच्या लेखी या दोन्ही गोष्टी एकच असतात. माझ्याही लेखी त्या कित्येक वर्षे एकच होत्या.

त्यांतला भेद मला एका चिठ्ठीने शिकविला. मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या आवारात (त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण तेथे जे घडत होते ते इतर दहा ठिकाणीही घडत होते) पैठण तालुक्यातली एक बाई पदराच्या गाठीतून चौघडी केलेला कागद काढून माझ्यासमोर उभी राहिली. कागदावर सलाईनच्या दोन बाटल्या, सलाईन लावण्याचा एक सेट, चार सिरिंजा आणि एका साध्या प्रतिजैविकाची इंजेक्शने लिहिलेली होती, खाली न वाचता येणारी सही होती, आणि त्याबरोबर ‘बाहेरून आणा’ अशी तोंडी आज्ञा झालेली होती. मी खिशातून पैसे काढून दिले, समोरच्या दुकानातून माल आला, बाईचा नवरा आठवड्याने चालत घरी गेला, आणि आपल्या हातून एक सत्कृत्य घडले या समाधानात मला त्या रात्री उत्तम झोप लागली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसरी बाई उभी होती आणि तिच्या हातात तशीच चिठ्ठी होती. तिसऱ्या दिवशी आमच्या संस्थेचे जुने चिटणीस, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, मला बाजूला घेऊन म्हणाले, “पैसे दे, त्याला माझी ना नाही. पण चिठ्ठीची झेरॉक्स काढल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस.”

तेव्हापासून आमच्या कार्यालयात बुटांच्या रिकाम्या खोक्यांत त्या चिठ्ठ्यांच्या नकला साठू लागल्या, आणि शंभर पानी वहीत चार रकाने आखून (तारीख, वॉर्ड, औषध, दुकानात दिलेली रक्कम) रोज संध्याकाळी त्या उतरवून काढण्याचा शिरस्ता पडला. तीन महिन्यांनी वही औषधवार लावली तेव्हा असे दिसून आले, की दुर्मीळ किंवा महाग औषधांसाठी लिहिलेल्या चिठ्ठ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. बाकी सगळ्या सलाईन, सुया, हातमोजे आणि नित्याची प्रतिजैविके यांच्या, म्हणजे रुग्णालयाच्या मंजूर यादीत असलेल्याच मालाच्या होत्या. यादी मंजूर होती, तरतूद होती, दर ठरलेले होते. फक्त भांडाराचे मागणीपत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास जो काळ लागे तेवढ्या काळात साठा संपून जाई. ज्या डॉक्टरांना आम्ही मनातल्या मनात दोषी ठरविले होते ते त्या बाईइतकेच असहाय होते, हे वहीवाचून आम्हाला कळले नसते. बाईला औषध मिळवून देणे ही सेवा होय. मागणीपत्राचा प्रवास लहान करणे ही सुधारणा होय. पहिले काम त्याच दिवशी संपते आणि दुसऱ्यासाठी माणसाची उमेदीची वर्षे खर्ची पडतात, म्हणून दुसऱ्याला माणसे कमी मिळतात.

अशी चिठ्ठी थेट राज्याच्या धोरणापर्यंत जाऊन भिडते, हेही सांगितले पाहिजे. तमिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापिले, आणि कोणत्या गोदामात कोणते औषध किती उरले आहे याचा संगणकीय हिशेब ठेवून खरेदी करण्याची पद्धत रूढ केली. महाराष्ट्रातील जन आरोग्य अभियानासारखे गट आपल्याकडेही तशीच व्यवस्था व्हावी म्हणून वर्षानुवर्षे निवेदने देत राहिले. मध्यंतरी राज्यात खरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे गेले, त्यावरही भरपूर टीका झाली, आणि अखेरीस २०२३ साली वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन करणारा कायदा झाला. तमिळनाडूच्या आरंभापासून मोजले तर मध्ये जवळजवळ अडीच तपे गेली. या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्याने हा कालावधी प्रथमच मनाशी मांडून ठेवावा आणि मगच घरच्यांशी बोलावे.

आता शिकावे कोठे, याविषयी. आपल्या मराठवाड्यात या कामाची परंपरा नाही असे समजून कित्येक मुले पुण्या-मुंबईकडे धावतात, ते मला पटत नाही. १९५६ साली औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ज्याच्या रुग्णालयाला आजही सारा मराठवाडा ‘घाटी’ याच नावाने ओळखतो. आणि जालना, बीड, परभणी, हिंगोली येथून एसटीच्या रात्रीच्या गाडीने येऊन पहाटे केसपेपरच्या खिडकीपाशी चादर अंथरणारी माणसे पाहत पाहतच तेथल्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या डॉक्टर झाल्या. त्यांतल्याच काही विद्यार्थ्यांनी ऐंशीच्या दशकात ‘हॅलो’ नावाचा गट जमवून सुट्ट्यांत खेड्यांतून हिंडण्यास आरंभ केला. त्यांच्यापैकी डॉ. शशिकांत अहंकारी यांनी पुढे तुळजापूर तालुक्यातील अणदूर हे गाव कर्मभूमी म्हणून निवडले, हॅलो मेडिकल फाउंडेशन उभी केली, आणि गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ या भारदस्त नावाने आरोग्यकार्यकर्त्या म्हणून उभे केले. त्याआधी, १९६६ साली, डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी लातूरला विवेकानंद रुग्णालय काढून बसले होते; १९८९ साली खुद्द औरंगाबादेत तरुण डॉक्टरांच्या एका गटाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठान स्थापून डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू केले. या संस्थांचे विचार एकसारखे नाहीत, आणि ते तसे असावेत अशी अपेक्षाही नको. होतकरू माणसाने कोणाच्या विचाराचा टिळा कपाळी लावण्याची घाई न करता प्रत्येक ठिकाणी महिनाभर राहून त्यांच्या नोंदवह्या कशा आहेत, रात्रपाळीला कोण असते, आणि संस्थापक गावाला गेला असता संस्था चालते की थांबते, एवढे पाहून यावे.

परंतु एकच ठिकाण पाहण्याची सवड असेल तर मी जामखेडला जावयास सांगेन. अहिल्यानगर जिल्ह्याचे हे टोक बीडच्या वेशीला लागून आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला शिकलेले. नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काढली, आणि तेथे त्यांच्या ध्यानात आले, की आपण बरे करून पाठविलेले मूल त्याच दुखण्याने पुन्हा परत येते, कारण दुखणे मुलात नसून त्याच्या गावच्या पाण्यात आणि ताटात आहे. म्हणून अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० साली ते जामखेडला आले. येथे त्यांनी केलेली पहिली गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लोकांनी त्यांच्याकडे औषध मागितले नाही. पाणी आणि अन्न मागितले. दुष्काळाचे दिवस होते. विंधनविहिरी घेण्याची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत घेण्याची योजना झाली, जेणेकरून गावाला पाण्यासाठी त्या वस्तीत यावे लागेल. आणि ज्या अस्पृश्यतेविरुद्ध व्याख्याने देऊन काही साधले नसते ती एका हातपंपाच्या दांड्यापाशी सैल झाली. पुढे गावोगावच्या निरक्षर, पुष्कळदा टाकलेल्या किंवा विधवा स्त्रियांना आठवड्यातून एकदा जामखेडला बोलावून बाळंतपण, लसीकरण, कुष्ठरोग आणि क्षय यांचे शिक्षण देण्यात आले. या बाया शिकतील काय, अशी शंका शिकलेल्यांनाच अधिक होती. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकाधारित आरोग्यसेवेच्या निवडक प्रयोगांचे पुस्तक काढले त्यात जामखेडचे प्रकरण होते. त्यानंतर तीन वर्षांनी अल्मा-आटाच्या परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ कार्यकर्ती गावोगाव आली, तिच्या वंशावळीत जामखेडच्या त्या बायांचे नाव वरच्या बाजूला लिहावे लागेल.

जामखेडला माणूस कसा जोडावा हे समजते. गडचिरोलीला आकडा कसा जोडावा हे समजते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था काढली, आणि नवजात बालके घरच्या घरी का दगावतात या एका प्रश्नाला धरून ते बसले. ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूतांनी बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन घ्यावे, ऊब राखावी, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून उपचार करावे, आणि हे सारे लिहून ठेवावे, अशी योजना होती. शेजारच्या ४७ गावांतही, जेथे ही सेवा नव्हती, जन्ममृत्यूची नोंद तेवढ्याच काटेकोरपणे ठेवण्यात आली. त्या दुसऱ्या नोंदीचे महत्त्व नवख्या माणसाला पटत नाही. जेथे आपण काही केले नाही तेथील हिशेब कशाला ठेवावा, असे त्याला वाटते. पण त्या तुलनेमुळेच नवजात मृत्यूचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून येऊ शकले, आणि २०११ साली घरच्या घरी नवजात बालकाच्या शुश्रूषेची पद्धत केंद्र सरकारने आशांच्या कर्तव्यात समाविष्ट केली. वजनकाटा झोळीत टाकून बाळ मोजणाऱ्या गोंड बाईच्या वहीपासून दिल्लीतील मार्गदर्शक सूचनांपर्यंतचा हा प्रवास मी येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो, आणि सांगून झाल्यावर विचारतो, की तुझा एक प्रश्न कोणता? ज्याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही त्याने संस्था काढण्याचा विचार तूर्त तहकूब ठेवावा आणि कोणाच्या तरी हाताखाली दोन वर्षे काढावी.

डॉक्टर असणे आवश्यक आहे काय, असे पुष्कळ जण विचारतात. नाही. किंबहुना डॉक्टर नसलेल्याला एक सोय असते, की खाटेवरचा रुग्ण त्याला अडवून धरत नाही. समाजकार्य शिकलेल्याला वस्ती समजते, वाणिज्यवाल्याला अंदाजपत्रक समजते, वकिलाला नियम समजतो, आणि या कामात तिन्ही लागतात. पाया पक्का करावयाचा असल्यास सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण पुण्याच्या विद्यापीठात किंवा मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत घेता येते. त्याच संस्थेचा तुळजापूरचा परिसर तर आपल्या दाराशी आहे. मात्र पदवीपूर्वी किंवा पदवीनंतर एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या लसीकरणाच्या दिवशी शीतपेटीशेजारी बसून सिस्टरला नावे लिहून देण्याचे काम केल्याशिवाय ते शिक्षण अंगी लागत नाही.

यापुढची गोष्ट रुक्ष आहे, पण तिच्यावाचून तुमची निम्मी निवेदने चुकीच्या दारात पडतील. सरकार म्हणजे एकच एक दार नव्हे. आपल्याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे पाहा: उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि चिकलठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या, घाटी आणि शासकीय कर्करोग रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या, शहरातील नागरी आरोग्य केंद्रे महानगरपालिकेच्या, आणि वाळूज-चिकलठाण्याच्या कामगाराला लागणारी विमा रुग्णालयाची सेवा आणखी तिसरीकडे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले तेव्हा हा निर्णय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांनाही लागू आहे अशा समजुतीने कितीतरी माणसे शुल्काच्या खिडकीवर वाद घालत होती. दोन विभाग निराळे आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून कोणतीही मागणी करण्यापूर्वी त्या विषयावरचे शासननिर्णय शासनाच्या संकेतस्थळावरून काढावेत, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ‘संदर्भ’ म्हणून ज्या जुन्या निर्णयांची फेरिस्त दिलेली असते ती मागे मागे वाचत जावी. नव्या मागणीपेक्षा जुन्या, विसरल्या गेलेल्या निर्णयाच्या अंमलबजावणीची मागणी लवकर मान्य होते, कारण त्यात अधिकाऱ्याला कोणाची मंजुरी घ्यावी लागत नाही.

जे कागद संकेतस्थळावर नसतील ते २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने मिळवावे. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांची मुदत. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ही शब्दमर्यादा मला तरी शाप वाटली नाही. तिने माझे लेखन सुधारले. ‘औषधांचा तुटवडा का आहे’ असे विचारल्यास उत्तरादाखल ‘तुटवडा नाही’ एवढेच येते. ‘अमुक महिन्याच्या साठा नोंदवहीच्या अमुक पानांच्या नकला द्याव्यात’ असे मागितल्यास पाने येतात. उत्तर न आल्यास अपील करावे, आणि द्वितीय अपिलाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरातच आहे, तेव्हा मुंबईची खेपही पडत नाही. हे हत्यार मात्र एखाद्या व्यक्तीला छळण्यासाठी एकदा जरी वापरले तरी सगळ्या कचेरीचे दरवाजे तुमच्यासाठी बंद होतात, आणि ते योग्यच होय.

आता संस्थेची नोंदणी. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात त्याच संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंद होते. केवळ विश्वस्तनिधी करावयाचा असल्यास न्यासपत्र करून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जावे. तिसरा मार्ग कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाचा, ज्यात शिस्त अधिक आणि सनदी लेखापालाचे बिलही अधिक. कोणता मार्ग निवडावा यावर तरुण मंडळी महिनोन्‌महिने खल करतात, पण संस्था बुडतात त्या याने नव्हे. त्या बुडतात फेरफार अहवालाने. विश्वस्त बदलला, वारला, किंवा रुसून गेला, की नव्वद दिवसांच्या आत तो बदल धर्मादाय कार्यालयात कळवावा लागतो. आज-उद्या करता करता दहा वर्षे लोटतात, दफ्तरी मयत विश्वस्तांचीच नावे राहतात, आणि पुढे बँकेत सहीचा प्रश्न निघतो तेव्हा हयात असलेले दोघे एकमेकांविरुद्ध कैफियती दाखल करतात. मी अशा एका चांगल्या संस्थेचे कपाट मोहोरबंद झालेले पाहिले आहे. आत क्षयरुग्णांची कार्डे होती.

पैशाविषयी थोडक्यात सांगतो. आयकराच्या बारा-अ आणि ऐंशी-ग या नोंदी आता कायमच्या नसतात. त्यांची मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. परदेशी देणगीचा कायदा २०१० चा. २०२० च्या दुरुस्तीनंतर खाते दिल्लीच्या एकाच शाखेत उघडावे लागते, प्रशासनाचा खर्च वीस टक्क्यांच्या आत राखावा लागतो, आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. उद्योगांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी वाळूज-शेंद्र्यामुळे आपल्याकडे तुलनेने जवळ आहे, पण त्यालाही संस्थेच्या तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो, आणि त्यातून रुग्णवाहिका मिळते, जलशुद्धीकरण यंत्र मिळते, फलकासह इमारत मिळते. चिठ्ठ्यांच्या झेरॉक्सला मात्र आजवर कोणत्याही कंपनीने पैसे दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. सुधारणेचे काम हे शेवटी शंभर-दोनशे सामान्य माणसांच्या वर्गणीवरच चालते. ती वर्गणी मागावयास जाताना संकोच वाटतो हे खरे. पण वर्गणीदार वर्षातून एकदा हिशेब विचारतो, आणि त्या धाकाने संस्था सरळ राहते.

शहरातच राहून हाती घेता येईल असे एक काम सुचवितो. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना १९५० च्या कायद्याच्या ४१ अअ कलमाखाली, उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे, दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, एकूण देयकाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत जमा करावी लागते, आणि तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी दाराशी थांबविता येत नाही. ही योजना ठाऊक नसलेली माणसे त्याच रुग्णालयाच्या पायरीवर बसून सावकाराला फोन करीत असतात. दोन जणांनी रोज दोन तास अशा रुग्णालयाच्या आवारात बसावे, उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका असलेल्या माणसाचा अर्ज भरून द्यावा, आणि अर्ज कधी दिला, काय उत्तर मिळाले, किती सवलत झाली, याची नोंद ठेवावी. नकार मिळाल्यास भांडू नये. नकार लेखी मागावा. लेखी मागितल्यावर पुष्कळदा तो नकार राहत नाही. वर्षभराने ती वही धर्मादाय कार्यालयात रुजू केली, की जे निवेदन इतरांच्या हातून केवळ टाचणाखाली पडते ते तुमच्या हातून पुरावा होऊन जाते.

सरकारशी वैर की सख्य, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा अंमलात येत नाही म्हणून ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या महाराष्ट्रातल्या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३ साली कायदा दुरुस्त झाला; तेथे न्यायालयाखेरीज गत्यंतर नव्हते. उलट २००७ साली पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचे उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला तो सरकारच्याच अभियानाचा भाग म्हणून, पुण्याच्या ‘साथी’सारख्या संस्थांच्या हातून. त्यात गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राला हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगाचे गुणपत्रक द्यावयाचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ते वाचून दाखवावयाचे. अशा एका सुनवाईत मी मागच्या सतरंजीवर बसलो होतो. एक आजी उठल्या, वैद्यकीय अधिकाऱ्यांना ‘साहेब’ न म्हणता ‘लेकरा’ म्हणाल्या, आणि विचारत्या झाल्या, “तू गुरुवारी नसतोस, हे आम्हांला म्हाईत हाय. मग ताप बी शुक्रवारीच येऊ द्यावा का?” सभा हसली, अधिकारीही हसले, पण इतिवृत्तात तो गुरुवार नोंदला गेला, आणि पुढच्या सुनवाईला त्याच प्रश्नावर पहिले उत्तर त्यांना द्यावे लागले. पुढारी म्हणून तुमचे काम माइक हातात घेण्याचे नव्हे. आजींचे वाक्य इतिवृत्तात जसेच्या तसे उतरते की ‘उपस्थितीबाबत चर्चा झाली’ असे होऊन उतरते, एवढे पाहण्याचे.

राहिला प्रपंच. पगार घ्यावा. विनावेतन कामाची प्रौढी मिरविणारा माणूस पाच वर्षांनी एक तर संस्था सोडतो, नाही तर संस्थेलाच आपले घर समजू लागतो, आणि दुसरे पहिल्याहून वाईट. विश्वस्त मंडळात आपला भाऊ, मेहुणा आणि वर्गमित्र भरू नयेत. हिशेबावर प्रश्न विचारणारा एक तरी खवचट निवृत्त शिरस्तेदार असावा. वर्षातून एक महिना कार्यालयात पाऊल टाकू नये, म्हणजे आपल्यावाचून काय अडते ते कळते, आणि जे अडते ते कोणाला तरी शिकवावे. आमचे अण्णा वारले तेव्हा खोल्यांच्या किल्ल्या कोठे असतात हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. दोन दिवस आम्ही व्हरांड्यात बसून काम केले.

त्या चिठ्ठ्यांची खोकी अजून माझ्या माळ्यावर आहेत. झेरॉक्सची शाई आता बोटाला लागते. गेल्या जूनमध्ये आलेल्यांपैकी एका मुलीला, वाणिज्य शाखेच्या, मी त्यांतले एक खोके दिले आणि म्हटले, यातल्या चिठ्ठ्या सोमवारपर्यंत औषधवार लावून आण. काम कसे असते ते कळेल. सोमवारी ती आली ती आमच्या चार रकान्यांशेजारी पाचवा रकाना आखून. चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात, तारखेच्या खाली, डॉक्टरांनी बारीक अक्षरात वेळही टाकलेली असे. तिने ती उतरवून काढली होती. त्या खोक्यातील बहुतेक चिठ्ठ्या सायंकाळी सहानंतरच्या होत्या, म्हणजे भांडारपाल कुलूप लावून घरी गेल्यानंतरच्या. मागणीपत्राच्या सहीसाठी आम्ही वर्षभर भांडत होतो, आणि ती वेळ आमच्यापैकी कोणीही वाचली नव्हती.